स्क्रीन, पुस्तकं आणि लहान मुलांचे शब्द : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दल आहेत. स्क्रीनचा विषय निघाला की पालक आधी मिनिटं विचारतात. त्याचं उत्तर खाली आहेच. पण मला त्याच्याही आधी विचारावंसं वाटतं ते हे, की त्या वेळात मुलाशी कोण बोललं असतं? लहान मूल शब्द शिकतं ते त्याला उत्तर देणाऱ्या माणसाकडून, आणि पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतूनच निघतात.

आमची मुलगी दीड वर्षाची आहे. व्हिडिओ बघून रंगांची नावं, आकडे धडाधड म्हणून दाखवते. मग ती शिकतेच आहे ना?

पाठ होणं आणि शब्द येणं यात फरक आहे. 'लाल, निळा, पिवळा' हे गाण्याच्या चालीत म्हणता येणं ही स्मरणशक्तीची कमाल आहे, आणि त्याचं कौतुक करायला हरकत नाही. पण तिच्यासमोर दोन चेंडू ठेवा आणि 'लाल चेंडू दे' म्हणा. तिने नेमका तोच उचलला, किंवा रस्त्यात गाडी बघून आपणहून 'लाल' म्हणाली, तर शब्द तिचा झाला. चालीत म्हणता येतं पण चेंडू ओळखता येत नाही, असं या वयात सर्रास दिसतं.

याची नीट तपासणीही झाली आहे. २०१० साली ज्यूडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १८ महिन्यांच्या बाळांचे गट केले. काही बाळांनी शब्द शिकवणारी, बाजारात खूप खपणारी डीव्हीडी महिनाभर आठवड्यातून अनेकदा पाहिली. काहींच्या पालकांना व्हिडिओ दिलाच नाही, फक्त शब्दांची यादी दिली आणि रोजच्या व्यवहारात जमेल तसे ते शिकवा असं सांगितलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. महिन्याने चाचणी घेतली तेव्हा व्हिडिओ पाहणाऱ्या बाळांना काहीच न मिळालेल्या बाळांपेक्षा जास्त शब्द येत नव्हते. सगळ्यात पुढे होती ती आईवडिलांनी बोलता बोलता शिकवलेली बाळं. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. ज्या पालकांना तो व्हिडिओ आवडला होता, त्यांना आपलं मूल त्यातून खूप शिकलं असं वाटत होतं. म्हणून 'मला तर फरक दिसतो' या भावनेवर एकटीवर विसंबू नये.

पण व्हिडिओतली व्यक्तीही बोलतेच की. बाळाला त्यातून शिकता का येत नाही?

कारण ती बाळाला उत्तर देत नाही. बाळ 'बा' म्हणालं म्हणून ती थांबत नाही, बाळाने खिडकीकडे बोट केलं म्हणून तिची नजर खिडकीकडे वळत नाही.

अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. मँडरिन चिनी बोलणारी माणसं त्यांच्याशी खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. अशा बारा बैठका झाल्या. त्यानंतर ही बाळं मँडरिनमधले असे ध्वनी वेगळे ओळखू लागली जे इंग्रजीत नाहीतच. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच खेळ, तीच पुस्तकं पडद्यावर दाखवली. तिसऱ्याला नुसता आवाज ऐकवला. या दोन्ही गटांच्या पदरात काही पडलं नाही. शब्द तेच, आवाज तोच, पण समोर माणूस नव्हता.

दोन-अडीच वर्षांपर्यंत हा फरक ठळक असतो. तीन वर्षांच्या आसपास मुलं पडद्यावरून बरंच काही उचलू लागतात, विशेषतः कार्यक्रम संथ असेल, गोष्ट सलग असेल आणि शेजारी कोणी बोलायला असेल तर.

मग आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलही बंद करायचा का?

मुळीच नको. तिथे पलीकडचा माणूस उत्तर देतो. २०१४ च्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना तीन पद्धतींनी नवी क्रियापदं शिकवली: समोरासमोर, थेट व्हिडिओ कॉलवर आणि आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून. पहिल्या दोन्हींत मुलं शिकली, तिसऱ्यात नाही. अगदी लहान बाळ असेल तर फोन धरणाऱ्याने दुवा व्हावं: 'आजीने टोपी घातली बघ. तुझी टोपी कुठाय? दाखव आजीला.'

ठीक, पण नेमका किती वेळ चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना अशा आहेत: दोन वर्षांच्या आत बसून स्क्रीन बघणं नको. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. एक तास ही वरची मर्यादा आहे, रोज पुरा करायचा कोटा नव्हे.

टीव्ही नुसता चालू असतो. मूल आपलं खेळत असतं, बघतही नाही. त्याने काय बिघडतं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक घरांत ही स्क्रीन मोजलीच जात नाही.

टीव्ही चालू असला की मोठी माणसं कमी बोलतात. वाक्य अर्धवट राहतं, मूल काही म्हणालं तर 'हं' एवढाच प्रतिसाद जातो, आणि हे आपलं आपल्याला जाणवत नाही. २००९ साली डिमिट्री ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांनी दोन महिने ते चार वर्षांच्या मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं लावून घरातलं बोलणं टिपलं. टीव्हीचा आवाज कानावर पडत असलेल्या दर तासामागे मुलाला मोठ्यांकडून ऐकू येणारे सुमारे ७७० शब्द कमी झालेले आढळले. मुलांचं स्वतःचं बोलणंही कमी झालं होतं.

ऑस्ट्रेलियातला २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच पद्धतीचा होता. २२० कुटुंबं, मूल एक वर्षाचं असल्यापासून तीन वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी ध्वनिमुद्रण. तीन वर्षांच्या वयात स्क्रीनचं दर एक जादा मिनिट म्हणजे मोठ्यांचे सरासरी ६.६ शब्द कमी, मुलाचे ४.९ उच्चार कमी आणि संवादाची एक देवाणघेवाण कमी. एका मिनिटाचा आकडा क्षुल्लक वाटेल, पण त्याला दिवसभराच्या मिनिटांनी गुणून बघा.

तेव्हा एकच बदल करायची ताकद असेल तर हा करा: कोणी बघत नसेल तर टीव्ही बंद. त्यात मुलाकडून काही काढून घ्यायचं नाही, म्हणून रडारडही होत नाही.

फोन आमच्या हातात असतो, मुलाच्या नाही. तरी मोजायचा?

हो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले. एक शब्द शिकवताना मध्येच फोन वाजला आणि आईने तो घेतला. दुसरा विनाअडथळा शिकवला. दोन्ही शब्द मुलांनी सारख्याच वेळा ऐकले होते, तरी मुलं शिकली ती फक्त दुसरा.

नोकरी, घर, दूरची माणसं सगळं फोनवर असताना तो दिवसभर बाजूला ठेवा असं सांगणं मला पटत नाही. मात्र अंघोळ, जेवण आणि झोपायच्या आधीची वेळ, एवढ्या तीन वेळा फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं जमण्यासारखं आहे. आणि घ्यावाच लागला तर मुलाला सांगून घ्या: 'काकाचा फोन आहे, बोलून येते, मग आपलं घर पुढे बांधू.' आणि खरंच परत या.

पुस्तक कधीपासून दाखवायचं? आमचं बाळ तर पानं चावतं.

पहिल्या काही महिन्यांपासून. चावणं, उलटं धरणं, चार पानं एकदम उलटणं ही त्या वयात पुस्तक हाताळण्याचीच रीत आहे. जाड पुठ्ठ्याची किंवा कापडी पुस्तकं द्या. दोन मिनिटांत उठून गेलं तर जाऊ द्या.

वाचून दाखवायचं म्हणजे नेमकं कसं? आम्ही वाचायला लागलो की मूल मध्ये मध्ये बोलतं आणि गोष्ट पुरीच होत नाही.

ते मध्ये मध्ये बोलणं हेच तर हवं आहे. गोष्ट पुरी नाही झाली तरी चालेल.

१९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी पालकांना एक साधी पद्धत शिकवली. पुस्तक वाचताना मुलाला विचारायचं, त्याच्या उत्तरात थोडी भर घालून तेच परत म्हणायचं, आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचं काम मुलाकडे सोपवायचं. घरोघर वाचन दोन्ही गटांत होत होतं, पण या पद्धतीने वाचणाऱ्या घरांतली मुलं एका महिन्यात भाषेच्या चाचण्यांमध्ये स्पष्टपणे पुढे गेली.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. पानावर पाऊस आहे, छत्री घेतलेली मुलगी आहे आणि बाकाखाली एक कुत्रा. मूल दोन वर्षांचं.

'भूभू.'
'हो, भूभू. ओलाचिंब झालाय भूभू.'
'ओया.'
'ओला झालाय. कुठे बसलाय तो?'
मूल बोट ठेवतं. 'तितं.'
'बाकाखाली लपलाय. का बरं लपलाय?'

इथे गप्प बसा. मनात पाच आकडे मोजा. आपण मोठी माणसं उत्तर द्यायला फार घाई करतो. मुलाला प्रश्न समजून घ्यायला, शब्द शोधायला आणि तो तोंडातून बाहेर काढायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. पाच आकडे होईपर्यंत बहुतेकदा काहीतरी येतं.

'पाऊत.'
'पाऊस आहे म्हणून लपलाय. बरोबर ओळखलंस!'

अर्धं मिनिटही झालं नाही, आणि 'ओलाचिंब', 'बाक', 'लपणं' हे शब्द येऊन गेले. शिवाय 'म्हणून' आला. त्याचं चित्र काढता येत नाही, त्यावर बोट ठेवता येत नाही. असे शब्द मुलाला बोलण्यातूनच कळतात. आणि लक्षात घ्या, 'पाऊत नाही, पाऊस म्हण' असं कुठेही म्हटलेलं नाही. योग्य उच्चार आपल्या वाक्यातून कानावर पडला की पुरतं.

'हे काय? ते काय? हा कोणता रंग?' अशी सरबत्ती मात्र करू नका. परीक्षा सुरू झाली की मूल पुस्तक मिटतं. एका प्रश्नामागे स्वतःचं एखादं साधं वाक्य असू द्या: 'मलाही भिजायला आवडतं.'

आम्ही दिवसभर मुलाशी बोलतोच. मग पुस्तकाची गरज काय?

बोलणं हा पाया आहे, ते सोडू नका. फक्त घरातलं रोजचं बोलणं त्याच त्या कामांभोवती फिरतं: ये, बस, हात धू, चप्पल घाल. पुस्तकात गुहा येते, दीपगृह येतं, 'कुजबुजला', 'दचकला', 'धापा टाकत' येतं. २०१५ साली संशोधकांनी १०० चित्रपुस्तकांतला मजकूर आणि पालकांचं मुलांशी होणारं बोलणं यांची तुलना केली. तेवढ्याच लांबीच्या मजकुरात पुस्तकांमध्ये वेगवेगळे शब्द जास्त निघाले. जे शब्द आपल्या तोंडी सहसा येत नाहीत, ते पुस्तक आपल्या तोंडी घालतं.

रोज तीच एक गोष्ट हवी असते. आम्हाला कंटाळा येतो. नवीन आणू का?

आणा, पण जुनी काढून घेऊ नका. तीन वर्षांच्या मुलांवरच्या २०११ च्या एका प्रयोगात काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले होते. तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना ते जास्त आले. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की मुलाला शब्दांकडे लक्ष द्यायला सवड मिळते. तुमचा कंटाळा घालवायचा असेल तर ओळीतला शेवटचा शब्द गाळून थांबा. मूल तो भरेल, आणि काही दिवसांनी अख्खं वाक्य म्हणेल.

टॅबवरची गोष्टींची पुस्तकं चालतील का? आणि नुसत्या ऐकायच्या गोष्टी?

टॅबवरच्या पुस्तकात बटणं, आवाज, हलणारी चित्रं असली की बोलणं गोष्टीवरून घसरून 'इथे दाब, तिथे दाबू नको' यावर येतं. मिशिगन विद्यापीठात २०१९ साली ३७ पालक आणि त्यांच्या दोन ते तीन वर्षांच्या मुलांकडून छापील आणि टॅबवरची पुस्तकं वाचून घेतली, तेव्हा टॅबवर दोघांचंही बोलणं कमी झालं. छापील पुस्तक मिळत नसेल तर साधी, न हलणारी पानं असलेलं निवडा आणि टॅब स्वतःच्या हातात धरा.

ऐकायच्या गोष्टी तीन वर्षांनंतर छान. नंतर त्याबद्दल बोला.

घरात दोन भाषा आहेत. त्यामुळे मुलाला उशीर होईल का?

नाही. दोन भाषांमुळे मूल गोंधळत नाही. एका भाषेतले शब्द त्याच वयाच्या एकभाषक मुलापेक्षा कमी दिसू शकतात, पण दोन्ही भाषांतले मिळून मोजले की संख्या साधारण बरोबरीत येते. जी भाषा तुम्हाला मोकळेपणाने, रागावताना आणि लाड करताना येते, तीत बोला. शाळेच्या तयारीसाठी म्हणून आईवडील स्वतःला न येणाऱ्या भाषेत मोजकी वाक्यं बोलू लागतात, तेव्हा मुलाला मिळणारी भाषा आटते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्हाला नीट वाचता येत नाही. घरात पुस्तकंही नाहीत.

चित्र बघून स्वतःच्या मनाने गोष्ट रचता येते, आणि मुलाला त्याचा फायदा पुरेपूर होतो. पुस्तक नसेल तर जुना फोटो घ्या, कॅलेंडरवरचं चित्र घ्या, खिडकीबाहेरची मुंग्यांची रांग घ्या. वर दाखवलेलं भूभूचं बोलणं यातल्या कशावरही होतं.

तुम्ही कदाचित 'तीन कोटी शब्दांची दरी' असं काही ऐकलं असेल. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून मांडलेला तो अंदाज. गरीब घरांतली मुलं चार वर्षांची होईपर्यंत सुस्थितीतल्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतात, असा त्याचा आशय. कुटुंबं थोडी होती आणि मुलाभोवतीच्या इतर माणसांचं बोलणं धरलं नव्हतं, अशी टीका त्यावर झाली. नंतरच्या अभ्यासात गरीब घरांमध्येही आपापसांत खूप फरक दिसला. मला त्याहून उपयोगी वाटतो तो २०१८ चा अभ्यास. चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांमध्ये, किती शब्द कानावर पडले यापेक्षा किती वेळा संवादाची देवाणघेवाण झाली याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या सक्रियतेशी जास्त संबंध आढळला. कुटुंबाचं उत्पन्न आणि शिक्षण लक्षात घेऊनही तो टिकला. एक वाक्य तुमचं, एक मुलाचं. त्याला पैसे लागत नाहीत.

जेवताना फोन लागतोच. ही सवय कशी मोडायची?

एकदम मोडायची असेल तर घरातल्या सगळ्यांनी आधी एकमत करा. आईने बंद केलेला फोन काकांनी दिला, की रडण्याने काम होतं एवढंच मूल शिकतं. पहिले काही दिवस कमी खाईल, रडेल. निरोगी मूल भुकेची भरपाई पुढच्या जेवणाला करतं. वजनाची काळजी असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. हातात एक चमचा द्या, सांडू द्या, आणि मुलाबरोबर स्वतःही जेवायला बसा. एकटं मूल भिंतीकडे बघत जेवणार नाहीच.

आत्तापर्यंत खूप स्क्रीन दिली. कायमचं नुकसान झालं असेल का?

असं समजायला आधार नाही. बहुतेक अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच सांगतात. जे मूल उशिरा बोलतं, चिडतं, त्याच्या हाती फोन जास्त दिला जातो, असं उलटंही असू शकतं. २०२० साली ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. जास्त स्क्रीन आणि कमकुवत भाषा यांचा संबंध त्यात दिसला, पण तो थोडा होता. शैक्षणिक दर्जाचे कार्यक्रम आणि मोठ्यांबरोबर बसून बघणं यांचा संबंध उलट चांगल्या भाषेशी होता. स्क्रीन उशिरा सुरू झालेल्या मुलांची भाषाही चांगली आढळली. आज संध्याकाळपासून बोलणं वाढवलं तरी मूल ते घेईल.

स्क्रीनमुळे ऑटिझम होतो का?

तसं सिद्ध झालेलं नाही. ऑटिझम असलेल्या मुलांना स्क्रीनची ओढ जास्त असू शकते, म्हणून दोन्ही एकत्र दिसतात. मला काळजी वाटते ती 'फोन बंद करा आणि सहा महिने वाट बघा' या सल्ल्याची. फोन जरूर कमी करा, पण तपासणी त्यासाठी थांबवू नका. लवकर मदत मिळण्याला इथे फार किंमत आहे.

कोणत्या वयाला किती शब्द यायला हवेत? डॉक्टरांकडे कधी जायचं?

पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास. त्याच्या कितीतरी आधीपासून मुलाला समजत असतं, म्हणून समजणारे शब्द बोलल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा नेहमी जास्त असतात. पुढे मुलामुलांत प्रचंड फरक पडतो, त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना नको.

वाट न बघता दाखवावं अशी लक्षणं ही: वर्षाचं होऊनही बडबड किंवा बोट दाखवणं, टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'बॉल दे' अशी दोन शब्दांची जोडी नाही, किंवा एकूण शब्द पन्नासच्या आत. हाक मारल्यावर वळत नाही. आणि कोणत्याही वयात, आधी येत असलेले शब्द गेले तर लगेच.

आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि काही काळ ऐकू कमी येतं. घरात ते पटकन लक्षात येत नाही, कारण मोठा आवाज मूल ऐकतच असतं. जाताना मूल आपणहून वापरतं त्या शब्दांची यादी लिहून न्या. 'मम' किंवा 'भूभू' हेही शब्दच धरा, आणि ज्या ज्या भाषेतले येतात ते सगळे लिहा. घरी खेळतानाचं दोन-तीन मिनिटांचं बोलणं फोनवर टिपून ठेवा, कारण दवाखान्यात गेल्यावर बरीच मुलं तोंड उघडतच नाहीत.